परसातील खुराडे व सापांपासून बचाव

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, सिल्लोड, पैठण, वैजापूर अशा कोणत्याही तालुक्यात गेले तरी शेतकऱ्याच्या परसात दहा-पाच कोंबड्या चरताना आढळतात. अंड्यांच्या पैशातून घरचा तेल-मिठाचा खर्च भागतो, आणि हा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो. गावरान कोंबडीबरोबर गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातीही आता पाळल्या जातात. परंतु पावसाळा लागला की पिले नाहीशी होऊ लागतात, अंडी कमी भरतात आणि एखाद्या रात्री खुराड्यात साप निघतो. पिलू गेल्यास नुकसान थोड्या रुपयांचे होते. अंड्यासाठी अंधारात घातलेल्या हाताला नागाचा दंश झाल्यास मात्र माणूस दगावतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती आणि जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील होते. म्हणून खुराड्याचा बंदोबस्त हा कोंबड्यांइतकाच माणसांच्या रक्षणाचा उपाय आहे.

साप खुराड्याकडे का येतो?

खुराड्याभोवती सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप येतो. पाण्याच्या भांड्याजवळच्या ओलीत बेडूक जमतात; तेही सापाचे भक्ष्यच. कापसाची वेचणी संपल्यावर पऱ्हाटी उपटून घराजवळ रचण्याची या भागात रीत आहे. पऱ्हाटीचे ढीग, कडब्याची गंज, गोवऱ्यांचा साठा आणि काळ्या दगडांच्या कोरड्या रचाईच्या भिंती यांत उंदीर व साप या दोघांनाही आसरा मिळतो. पहिल्या मोठ्या पावसात बिळांत पाणी शिरते व साप कोरड्या जागेच्या शोधात वस्तीकडे सरकतात. उंदरांचा बंदोबस्त करणे हाच सापांना दूर ठेवण्याचा खरा मार्ग होय.

कोणते साप आढळतात?

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप सर्वांनी ओळखावेत. खुराड्यात शिरून अंडी व पिले गिळणारा यांपैकी मुख्यतः नाग. मण्यार कोंबड्यांसाठी येत नाही. परंतु उंदीर, पाली व लहान साप यांच्या मागाने रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसास तिचा दंश होतो. धामण बिनविषारी आहे. ती क्वचित पिलू नेते; पण वर्षभर उंदीर खाऊन धान्याचे जे रक्षण करते, त्याच्या मानाने हे नुकसान अल्प आहे. पुष्कळ ठिकाणी नाग समजून धामणच मारली जाते.

नुकसान कोणी केले?

प्रत्येक नुकसान सापाचे नसते. साप भक्ष्य फाडीत नाही, सगळे गिळतो. पिसे विखुरलेली, रक्त सांडलेले, मान तोडलेली कोंबडी आढळल्यास ते काम मुंगसाचे, मांजराचे किंवा रानमांजराचे समजावे. अंड्यांची फुटकी कवचे पडलेली असल्यास घूस, मुंगूस वा कावळा यांचा संशय घ्यावा. अंडी किंवा पिले काही खूण न ठेवता गेली असतील, अथवा मेलेल्या पिलाचे डोके व मान लाळेने ओली दिसत असेल, तर साप आला होता असे समजण्यास आधार आहे.

खुराडे कसे असावे?

खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच पायांवर ठेवावे व भिंतीस किंवा झाडाच्या फांदीस टेकू देऊ नये. खिडक्यांस पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर, छिद्रांची कडक तारेची जाळी ठोकावी. एक इंच छिद्रांच्या जाळीतून लहान साप सहज आत येतो, आणि पिलू गिळल्यावर फुगलेल्या पोटामुळे आतच अडकतो. दार चौकटीत घट्ट बसावे. फटी सिमेंटने किंवा पत्र्याने बुजवाव्यात. मासे धरण्याचे सैल जाळे भोवती लावू नये. त्यात साप गुंततो व सोडविणारास धोका होतो.

डालग्याखाली कोंबडी व पिले झाकून ते डालगे माणसे झोपतात त्याच खोलीत ठेवण्याची चाल अनेक घरांत आहे. मांजरापासून यामुळे रक्षण होते हे खरे; परंतु उंदीर व साप या दोघांनाही ते घरात बोलावणे ठरते. खुराडे झोपण्याच्या जागेपासून दूर असावे. पावसाळ्यात खाटेवर झोपावे व मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात.

रोजची दक्षता

१. भरडा व कणी पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवावी. सायंकाळी उरलेले खाद्य उचलून जागा झाडावी.

२. अंडी दिवसातून दोनदा उजेडी गोळा करावीत. अंधारात जाणे भाग पडल्यास बॅटरी लावून आधी पाहावे, काठीने पेंढा हलवावा, मगच हात घालावा. खुडूक कोंबडीखाली न पाहता हात घालू नये.

३. खुराड्याभोवती दहा फूट जागा गवत, दगड व सरपण यांपासून मोकळी ठेवावी. पऱ्हाटीचा ढीग घरापासून लांब रचावा व तो उपसताना पायांत बूट असावेत.

४. साप येऊ नये म्हणून घराभोवती थिमेट टाकू नये. या औषधातील फोरेट या विषावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. त्याचे दाणे टिपून कोंबड्या मरतात, आणि मुलांनाही ते घातक आहे. लसूण, गंधक किंवा फिनेल यांवर विसंबू नये.

साप दिसल्यास

मुलांना व जनावरांना दूर करावे, सापावर लांबून नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या जाणकार सर्पमित्रास कळवावे. साप धरण्याचा किंवा मारण्याचा प्रयत्न करताना पुष्कळांना दंश होतो. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये सापांना संरक्षण आहे.

दंश झाल्यास

रोग्यास धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढावीत. दंशाचा अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. दोरीने आवळणे, चिरा देणे, विष चोखणे, झाडपाला बांधणे हे सर्व अपायकारक आहे. मांत्रिकाकडे घालविलेला वेळ परत मिळत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने ग्रामीण रुग्णालय अथवा शहरातील घाटी रुग्णालय गाठावे. सरकारी रुग्णालयात दिली जाणारी प्रतिविष लस वरील चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून साप मारून बरोबर नेण्याचे कारण नाही. मण्यारीच्या दंशाची खूण व वेदना अनेकदा जाणवतही नाही. रात्री झोपेतून उठून पोटात दुखणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

मृगाच्या पावसापूर्वी प्रत्येक गावात एक खुराडे वरीलप्रमाणे नीट करून दाखवावे व ते पाहण्यास महिला बचत गटांस बोलवावे. कारण अंडी काढणारा हात बहुधा स्त्रीचा असतो. जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे याची आधीच चौकशी करून ते नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. दुर्दैवाने शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली पात्र कुटुंबास २ लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे पोहोचेल असे पाहावे. दुःखात असलेल्या घरास मुदतीची आठवण राहतेच असे नाही.