अ‍ॅम्प्लिफायर निवडताना समीक्षकाचं काय ऐकावं?

अ‍ॅम्प्लिफायरचं (ध्वनिवर्धक) काम एकच: येणारा विद्युतसंकेत, त्यात काही न मिसळता, स्पीकर हलवण्याइतका मोठा करणं. तरी ‘हा उबदार, तो कोरडा’ असे अभिप्राय वाचून लोक भरपूर पैसे मोजतात. समीक्षकाला फरक खरोखर जाणवतो, पण अनेकदा तो पातळीचा असतो. एखादा अ‍ॅम्प्लिफायर अर्ध्या डेसिबेलने (ध्वनिपातळीचं एकक) वरचढ वाजला, तर तो मोठा न वाटता जास्त सुस्पष्ट वाटू शकतो. किंचित जास्त मिठाची आमटी चविष्ट लागते, तसं. म्हणून तुलनेआधी स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून दोन्हींची पातळी ०.१ डेसिबेलपर्यंत जुळवली होती का, आणि कोणता वाजतोय हे ऐकणाऱ्यापासून लपवलं होतं का, हे पाहावं. तसं नसेल, तर विशेषणं सोडून द्यावीत.

व्हॉल्व्हचे (निर्वात नळीचे) काही अ‍ॅम्प्लिफायर मात्र खरंच वेगळे वाजतात, आणि ते मोजमापातही दिसतं.

समीक्षकाकडून मोजलेले आकडे जरूर घ्यावेत: ४ ओहमच्या (विद्युतरोधाचं एकक) स्पीकरवर किती वॅट, विकृती (मूळ संकेतात झालेला बिघाड) किती. शांततेत गुणगुण ऐकू येते का, हेही. नुसत्या वॅटवर भुलू नये. ५० चे १०० वॅट केले, तरी वाढ फक्त ३ डेसिबेलची.