स्वस्त भिंग इतके चांगले कसे?

शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकाची छायाचित्रे पाहा. पात्रांचे हात, चेहरे पुष्कळदा फिसकटलेले दिसतात. रंगमंचावर उजेड कमी, म्हणून शटर अधिक वेळ उघडे राहते आणि तेवढ्यात पात्र हलते. अशा वेळी ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे, एफ/१.८ चे स्वस्त ‘प्राइम’ भिंग, म्हणजे झूम नसलेले भिंग, घ्यावे काय?

आधी थोडे गणित करू. एफ-अंकाने नाभीय अंतरास भागले की प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. ५० ला १.८ ने भागल्यास सुमारे २८ मिलिमीटर. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम भिंग ५० वर आणले की बहुधा एफ/५.६ वर अडते. म्हणजे व्यास फक्त ९ मिलिमीटर. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो, म्हणून फरक जवळजवळ दहापट! जेथे शटर सेकंदाचा दहावा भाग उघडे ठेवावे लागे, तेथे शंभरावा भाग पुरतो.

मग हे भिंग स्वस्त का? त्याची रचना जुनी आहे. पाउल रुडोल्फ यांनी १८९६ साली जर्मनीतील झाइस कारखान्यासाठी ‘प्लानार’ भिंग रचले. आजची बरीचशी ५० मिलिमीटरची भिंगे त्याच घराण्यातली. मधोमध छिद्र आणि दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखे गट. पुढचा गट सरळ रेषेला जो बाक देतो, तो मागचा गट उलट बाक देऊन बराचसा घालवतो. त्यामुळे सहाएक काचांत काम भागते. झूमला मात्र अनेक काचा आणि त्या सरकवणारी यंत्रणा लागते. काटकसर होते ती बाह्यांगात: प्लॅस्टिकचे कवच, मोटारीचा आवाज. काचेत फारशी नाही.

उणिवाही आहेत. पूर्ण उघड्या छिद्राला कोपरे मऊ दिसतात, आणि स्पष्टतेची खोली इतकी कमी की जवळून नाक रेखीव येते अन् कान पुसट! लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर तर दृश्यही अरुंद होते. वर्गात सगळ्यांचा एकत्र फोटो घ्यायला मागे भिंत आडवी येते. त्या कामासाठी हे भिंग घेऊच नये. नाटक, वक्तृत्व, घरातली माणसे यांसाठी मात्र पैसे वसूल होतात, असे माझे मत आहे.

शंका असेल तर आठवडाभर आपले झूम ५० वरच चिकटपट्टीने बांधून ठेवा आणि किती वेळा पट्टी काढावीशी वाटली, ते मोजा.