पाठदुखी, मोटारसायकल आणि रस्त्यावरचे उंचवटे

माजलगाव परिसरातल्या वाड्यावस्त्यांवर मोटारसायकल ही हौस नसून गरज आहे. शेत, बाजार, बँक, दवाखाना सगळे तिच्यावरच अवलंबून. त्यातून बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये चढवण्यात ज्यांचे तारुण्य गेले, त्यांची कंबर उतारवयात दुखू लागते यात नवल नाही. ‘आता गाडी सोडा’ असा सल्ला देणे सोपे आहे. पण गाडी सुटली की प्रत्येक कामासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. म्हणून आधी पाहू या, गाडीवर बसल्यावर पाठीत घडते तरी काय?

आपल्या मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात. त्यांना आपण ‘गादी’ म्हणतो. गादीच्या गाभ्यात भरपूर पाणी असते, म्हणून ती हादरे झेलू शकते. वयानुसार हे पाणी कमी होते. गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. पोषकद्रव्ये बाहेरून झिरपत आत जातात. हालचाल होत राहिली तर या कामाला मदत होते. म्हणूनच लांबच्या प्रवासात अधूनमधून उतरून चार पावले चालणे फायद्याचे.

आता वर्गात एक प्रयोग करून पाहा. रबरबँडची साखळी करून तिला लहानसा दगड बांधा आणि साखळीचे वरचे टोक हातात धरा. हात अगदी हळू वरखाली केला, तर दगड हाताबरोबर हलतो. हात फार झपाट्याने हलवला, तर दगड जवळजवळ स्थिर राहतो. मधल्या एका ठरावीक गतीला मात्र तो जोरजोराने उसळतो. यालाच अनुनाद म्हणतात. बसलेल्या माणसाचे धडही असेच वागते. वरखाली होणारी कंपने सेकंदाला सुमारे ५, म्हणजे ५ हर्ट्झ असली, की ते जास्तीत जास्त उसळते. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकातही ४ ते ८ हर्ट्झचा पट्टा शरीराला सर्वांत जाचक मानला होता.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचा कच्च्या बांधणीचा रस्ता लाटांसारखा होतो. समजा, दर २ मीटरवर एक उंचवटा आहे आणि गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर आहे. मग हादरे किती? १० भागिले २, म्हणजे ५ हर्ट्झ! वेग ताशी १८ किलोमीटर केला की ते अडीच हर्ट्झवर येतात आणि जाचक पट्ट्याबाहेर जातात. एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, “ताशी ७२ ने गेलो तर १० हर्ट्झ होतील, मग तेही चालेल ना?” गणित बरोबर आहे, पण त्या वेगाला अशा रस्त्यावर चाक जमीन सोडते, ब्रेक लागायला अंतर जास्त लागते आणि तोल गेला तर हाडे मोडतात.

बाकीचे उपायही साधेच आहेत. हँडलवर वाकून बसू नये. पुढे वाकल्याने गादीवरचा दाब वाढतो. गुडघे साथ देत असतील तर खड्डा येताच पायांवर भार घेऊन किंचित उठावे, म्हणजे पायच स्प्रिंगचे काम करतात. टायरमधली हवा आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर वेळोवेळी तपासावेत.

दुखणे आणि इजा या दोन्ही गोष्टी नेहमी एकच नसतात. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात चेतासंस्थाच अधिक संवेदनशील झालेली असू शकते. त्यामुळे दुखले म्हणजे प्रत्येक वेळी काहीतरी मोडले, असे नाही. मात्र पाय बधिर होणे, पायातली शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे दिसली तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. गुंगी आणणारी वेदनाशामक गोळी घेतली असेल, मान वळवून मागे पाहता येत नसेल किंवा ब्रेक दाबायला पाय चटकन उचलत नसेल, तर गाडीला हात लावू नये. गाडी सोडायची की नाही, हे वयाच्या आकड्यावरून न ठरवता या कसोट्यांवर ठरवावे.

विद्यार्थ्यांना शाळेजवळच्या रस्त्यावरचे उंचवटे रहदारी नसताना, मोठ्यांच्या सोबतीने मोजायला सांगा. कोणत्या वेगाला ५ हर्ट्झ होतात ते काढा. ते उत्तर घरी आजोबांनाही उपयोगी पडेल.