तेरेझीनच्या चित्रकलेच्या बाई

नाताळ जवळ आला की आपल्या बहुतेक धर्मग्रामांतून अनाथालयाची आठवण निघते. तांदूळ गोळा होतो, जुने परंतु धडके कपडे बांधून ठेविले जातात, आणि अलीकडे तरुण मंडळींपैकी कोणी तरी सुचवितो की, या खेपेस मुलांना रंगपेट्या देऊ आणि एक दिवस त्यांच्याबरोबर चित्रे काढू. त्यावर घरातील वडीलधारे म्हणतात, ज्याला आई नाही बाप नाही त्या लेकराला रंगपेटी काय करावयाची? पोटभर जेवण द्या म्हणजे झाले. दोघांचेही म्हणणे मनापासूनचे असते. परदेशांतही हा वाद जुनाच आहे, आणि त्या वादाशी ज्यांचे सारे आयुष्य निगडित झाले अशा एका बाईंची हकीकत आपल्या घराघरांतून वाचली जावी, असे फार दिवस मनात होते.

हकीकत व्हिएन्ना शहरापासून सुरू होते. पहिले महायुद्ध संपले तेव्हा त्या नगरीतील मुलांची अन्नान्नदशा झाली होती. इंग्लंडातून क्वेकर पंथाचे लोक मदतकार्यासाठी तेथे गेले. त्यांत फ्रान्सेस्का विल्सन नावाच्या एक शिक्षिका होत्या. त्यांनी तेथे फ्रान्झ चिझेक या गृहस्थांचा मुलांसाठी चालणारा चित्रकलेचा वर्ग पाहिला. चिझेक यांचा हा वर्ग १८९७ पासून चालू होता, आणि त्याची रीत त्या काळी सर्वस्वी उफराटी होती. मुलाला गिरवावयास काही द्यावयाचे नाही. त्याच्या मनात जे आहे ते त्याने आपल्या हाताने काढावे. मोठ्यांनी मध्ये पडू नये. विल्सनबाईंनी त्या मुलांची चित्रे १९२० साली इंग्लंडात नेऊन त्यांचे प्रदर्शन मांडले व त्यातून आलेला पैसा उपाशी मुलांच्या साह्यनिधीला दिला. म्हणजे मुलांच्या चित्रांनीच मुलांना भाकर मिळवून दिली, असे म्हटले तरी चालेल.

याच चिझेक यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी होती फ्रीडल डिकर. तिचा जन्म ३० जुलै १८९८ रोजी व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे योहानेस इटन या चित्रकाराकडे ती शिकली आणि त्यांच्या पाठोपाठ १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेत गेली. विणकाम, चित्रकला, घरातील सामानाची रचना, नाटकाचा पोशाख, सर्वांत तिचा हात चाले. येथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. तरुणपणी ती साम्यवादी होती आणि १९३४ मध्ये त्या चळवळीपायी व्हिएन्नात तिला अटकही झाली. सुटका झाल्यावर ती प्रागला गेली. तेथे तिच्यासारखीच परागंदा होऊन आलेली जर्मन कुटुंबे होती. त्यांच्या मुलांना ती चित्रकला शिकवू लागली. १९३६ मध्ये पावेल ब्रँडाइस यांच्याशी तिचा विवाह झाला. स्वतःचे मूल तिला झाले नाही.

पॅलेस्टाइनला निघून जाण्याचा परवाना तिच्या हाती आला होता. परंतु तो पतीसाठी नव्हता, म्हणून तिने तो वापरला नाही. १९४२ च्या डिसेंबरात नवराबायकोंना तेरेझीनला नेण्याचा हुकूम आला.

तेरेझीन हे प्रागच्या उत्तरेस साठेक किलोमीटरवरील तटबंदीचे गाव. सम्राट दुसरा जोसेफ याने अठराव्या शतकात ते वसविले व आपल्या आईचे, मारिया तेरेझाचे, नाव त्यास दिले. साधारण ७,००० माणसांच्या या गावात नाझींनी ज्यू लोकांना कोंडण्यास आरंभ केला, तो इतका की १९४२ च्या सप्टेंबरात तेथे ५८,००० हून अधिक जीव दाटले होते. मुले आईबापांपासून वेगळी करून मोठमोठ्या घरांतून ठेविली जात. कित्येकांचे आईबाप पुढील गाडीने पूर्वेकडे गेलेले असत. कित्येक तर अनाथाश्रमांतूनच आणलेली होती. अनाथ कोण आणि आईबापांचे कोण, हा भेद त्या घरांत आठवड्या-आठवड्याने पुसट होत होता.

प्रत्येकास पन्नास किलो सामान नेण्याची मुभा होती. आपण असतो तर काय नेले असते? पांघरुणे, बूट, सुकलेला पाव. फ्रीडलबाईंनी आपल्या वाट्यात कागद, रंग आणि पेन्सिली भरल्या. घरच्या चादरीसुद्धा रंगवून घेतल्या होत्या. मुलांनी कधी नाटक केलेच तर त्यांचा पडदा होईल म्हणून.

शाळा भरविण्यास तेथे बंदी होती. चित्रे काढणे, गाणे आणि हातकाम यांस मात्र अधिकाऱ्यांनी फारशी हरकत घेतली नाही. बाई मुलींच्या घरात वर्ग घेऊ लागल्या, मग इतर घरांतूनही त्यांना बोलावणे येऊ लागले. आणलेला कागद किती दिवस पुरणार? कचेरीतील रद्दी, छापील फॉर्मांची कोरी पाठ, पुड्यांचे वेष्टन, जे मिळेल त्यावर चित्रे होऊ लागली. रंग नसेल तेथे रंगीत कागदाचे कपटे चिकटवावयाचे. अशा एका चिकटचित्रात टेकडीच्या आकारातून छापील रकाने दिसतात. ते पाहिले की कोणालाही थांबावे वाटते.

त्यांच्या वर्गाची पद्धत सांगण्यासारखी आहे, कारण आपल्याकडे चित्रकला शिकविणे म्हणजे फळ्यावर आंबा काढून मुलांकडून आंबाच काढून घेणे अशी समजूत अजून गेलेली नाही. बाई आरंभी मुलांना नीट श्वास घ्यावयास लावीत. मग टेबलावर बोटांनी ताल धरीत आणि त्या तालावर मुलांनी नुसत्या रेघा ओढावयाच्या, चित्र असे काही नाही. भीतीने आखडलेला हात मोकळा व्हावा, हा त्यातील हेतू. त्यानंतर फुलदाणीतील एखादे फूल, कधी एखाद्या थोर चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत समोर ठेवून तीतील रंगांचा शोध, आणि पुष्कळदा मुलाच्या मनाला येईल ते. चूक म्हणून त्या काही खोडीत नसत, स्पर्धा लावीत नसत. १९४३ मध्ये तेथील शिक्षकांपुढे मुलांच्या चित्रांविषयी त्यांनी व्याख्यान दिले, त्याचा मथितार्थ असा की, सर्व मुलांना चित्रकार करणे हा या वर्गाचा हेतू नव्हे. मुलाची स्वतंत्र शक्ती जागी राहावी एवढाच आहे. त्याच वर्षी त्यांनी मुलांच्या चित्रांचे प्रदर्शनही तेथे मांडले.

एका बाबतीत मात्र बाई काटेकोर होत्या. चित्राच्या कोपऱ्यात मुलाने आपले नाव लिहिलेच पाहिजे. जेथे माणसाला गाडीच्या यादीतील क्रमांकाने ओळखीत, तेथे हा आग्रह होता.

मुलांनी काय काढले? शिबिरातील तिमजली बाकडी आणि जेवणाची रांग काही चित्रांत आहे. परंतु बहुतेकांत घर आहे, कुरण आहे, फुलपाखरे आहेत, सणाच्या दिवशी मांडलेले जेवणाचे टेबल आहे.

चित्रांप्रमाणे गाणेही तेथे होते, आणि या ठिकाणी गोष्टीला एक वाईट वळण लागते. हान्स क्रासा या संगीतकाराचे ‘ब्रुंडिबार’ नावाचे मुलांचे संगीत नाटक प्रथम प्रागच्या ज्यू अनाथाश्रमातील मुलांनी बसविले होते. पुढे ती मुले व त्यांचे शिक्षक तेरेझीनलाच येऊन पडले आणि २३ सप्टेंबर १९४३ पासून तेथे त्याचे पन्नासांहून अधिक प्रयोग झाले. मुलांचा त्यात जीव रमत होता, यात शंका नाही. परंतु २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे प्रतिनिधी पाहणीस यावयाचे होते. नाझींनी घरांना रंग दिला, बागा केल्या, आणि गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात ७,५०० माणसे आउशविट्झला धाडून दिली. पाहुण्यांना ‘ब्रुंडिबार’ दाखविण्यात आले. पाहुणे काही तास हिंडले, मुलांचे गाणे ऐकले आणि अनुकूल अहवाल लिहिला. शरद ऋतूत गाणाऱ्या मुलांपैकी बहुतेक गाड्यांतून गेली, क्रासाही गेला.

त्या छळछावणीची तुलना दुसऱ्या कशाशी करावयाची नाही. तरीही पाहुण्यांपुढे मुलांना नाचविण्याची रीत संपलेली नाही, हे सांगितले पाहिजे. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, असे युनिसेफने दाखविले; आणि त्यांतील बहुसंख्य मुलांची आई किंवा बाप हयात होता. परदेशी पाहुणे व हौशी स्वयंसेवक येतात, मुले त्यांना नाच दाखवितात, पाहुणे देणगी देतात आणि सात दिवसांनी निघून जातात. मूल मात्र दर सात दिवसांनी नव्या ताईवर माया जडविते व तिला मुकते. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मुलांच्या हक्कांविषयी जो ठराव केला, त्यातही अशा भेटींपासून मुलांस होणारा अपाय टाळण्यास राष्ट्रांना सांगितले आहे. आपल्या धर्मग्रामातील तरुणांचा उत्साह मोडावा म्हणून हे लिहीत नाही. परंतु वर्षातून एकदा शंभर रंगपेट्या नेण्यापेक्षा दर शनिवारी एकाच व्यक्तीने दहा कागद घेऊन जावे, असे माझे स्वतःचे मत आहे, आणि नाताळचा फोटो काढण्याची घाई करू नये, असेही.

फ्रीडलबाई तर जाण्यासारख्या नव्हत्याच. त्या मुलांबरोबर कोंडलेल्या होत्या. १९४४ च्या सप्टेंबरअखेर पावेलला पूर्वेकडील गाडीत घालण्यात आले. बाईंनी पुढच्या गाडीसाठी आपण होऊन नाव दिले. संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी त्याच आउशविट्झमध्ये १९४१ साली दुसऱ्याच्या जागी मरण पत्करले, ते आपण १४ ऑगस्टला स्मरतो. बाईंची गोष्ट तशी नव्हे. त्यांना नवऱ्याजवळ जावयाचे होते. मुलांना टाकून त्या का गेल्या, असे कोणी विचारील. पण त्याच आठवड्यांत त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांचीही नावे याद्यांत येत होती. ६ ऑक्टोबरला गाडी निघाली, तीत त्यांचे कित्येक विद्यार्थी होते. ९ ऑक्टोबर १९४४ रोजी आउशविट्झमध्ये त्यांचा अंत झाला. ज्याच्या मागे त्या गेल्या तो पावेल वाचला.

त्यांची पूर्वीची एक विद्यार्थिनी, एडिथ क्रेमर, १९३८ मध्येच न्यूयॉर्कला पोहोचली होती. मनाने दुखावलेल्या मुलांना चित्रकलेतून सावरण्याची विद्या तिने तेथे आयुष्यभर वाढविली.

निघण्यापूर्वी बाईंनी मुलांची चित्रे दोन पेट्यांत भरून ठेविली होती. स्वतःची चित्रे त्यांनी पुष्कळदा सहीवाचून सोडली. मुलांची मात्र नावानिशी जपली. मुलींच्या घराचे प्रमुख विली ग्रोग यांनी त्या पेट्या १९४५ च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या ज्यू समाजाच्या स्वाधीन केल्या. आत सुमारे साडेचार हजार चित्रे निघाली. आता ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. कोपऱ्यातील नावांवरून संग्रहालयाच्या लोकांनी एकेका मुलाचा शोध घेतला. बहुतेक नावांपुढे जन्माच्या तारखेनंतर १९४४ हेच साल लिहावे लागले. थोड्यांपुढे ती जागा कोरी ठेवता आली, आणि त्यांतील काही जण पुढे म्हातारपणी तेथे येऊन आपले चित्र पाहून गेले.