दारू एकच, दाणे वेगळे

शीर्षक वाचून होस्टेलवाल्यांनी एवढ्यात खूश होऊ नका! ही दारू बंदुकीची आहे. मराठीत दोन्हींना एकच शब्द का, हे मराठीच्या सरांना विचारा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझ्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नये.

विषय आहे जुन्या पर्कशन रिव्हॉल्व्हरचा. अमेरिकेत साधारण १८४० ते १८७० या काळात ही रिव्हॉल्व्हर्स जोरात होती. आजच्यासारखी पितळी काडतुसं त्यात नसत. सिलिंडरला सहा कप्पे. प्रत्येकात पुढच्या बाजूने दारू घालायची, तिच्यावर शिशाची गोळी दाबून बसवायची आणि मागच्या निपलवर तांब्याची चिमुकली टोपी लावायची, तीच पर्कशन कॅप. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी निपलमधून आत जाते आणि दारू पेटते. अमेरिकेत आणि युरोपात हौशी लोक आजही यांनी नेमबाजी करतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये तर अस्सल जुनी शस्त्रं आणि नव्या प्रतिकृती यांचे वेगवेगळे गट असतात. या मंडळींपुढचा पहिला प्रश्न म्हणजे दारू कुठल्या ग्रेडची घ्यायची?

ग्रेड म्हणजे काय, हे कळायला वाण्याच्या दुकानात जा. जाड रवा, बारीक रवा, लापशी रवा... गहू तोच, चाळणी वेगळी. काळ्या दारूचंही तसंच. आत तेच सोरा, कोळसा आणि गंधक. फरक फक्त दाण्याच्या आकाराचा. डब्यावर एफजी, एफएफजी, एफएफएफजी असं छापलेलं असतं; बोलताना १एफ, २एफ, ३एफ. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक. २एफचे दाणे साधारण ०.६ ते १.२ मिलिमीटर, ३एफचे ०.३ ते ०.८५, आणि ४एफ त्याहून बारीक. आकडे बघितलेत तर २एफ आणि ३एफ एकमेकांत थोडे मिसळतात. म्हणून एका कंपनीची ३एफ दुसऱ्या कंपनीच्या ३एफसारखीच वागेल असं धरून चालत नाही. स्वित्झर्लंडची दारू याच नंबरात इतरांपेक्षा तेज म्हणून ओळखली जाते.

दाण्याने एवढा फरक का पडतो? कारण दाणा बाहेरून आत, थराथराने जळतो. हे फ्रेंच तोफखान्यातल्या गियोम पियोबेर यांनी १८३९ मध्ये मांडलं. आता साधं गणित करा. दाण्याचा व्यास निम्मा केला तर एका दाण्याच्या जागी तेवढ्याच वजनाचे आठ दाणे बसतात, आणि एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो. म्हणजे वायू तयार होण्याचा वेगही सुरुवातीला साधारण दुप्पट! दारू तेवढीच, ऊर्जा तेवढीच, पण प्रेशर आणि वेळ यांचा ग्राफ काढला तर शिखर उंच आणि लवकर येतं.

(इथे एक गंमत आहे. दारू अगदी पिठासारखी केली आणि दाबून भरली तर ती उलट मंद आणि लहरीपणाने जळते, कारण दाण्यांच्या फटींतून ज्वाला पळायला जागाच उरत नाही. म्हणून तर शेकडो वर्षांपूर्वी दारूचे दाणे पाडायला सुरुवात झाली.)

आता रिव्हॉल्व्हरकडे येऊ. १८५१ च्या कोल्ट नेव्हीची नळी साडेसात इंच, म्हणजे जेमतेम १९ सेंटिमीटर. १८६१ च्या स्प्रिंगफील्ड रायफलची ४० इंच, म्हणजे एक मीटर. रायफलमध्ये जाड दाण्याला सावकाश जळायला वेळ मिळतो. रिव्हॉल्व्हरमध्ये तेच दाणे घातले तर गोळी बाहेर पडेपर्यंत सगळे जळून होतच नाहीत. जोर कमी पडतो आणि काजळी जास्त. ती सिलिंडरच्या अक्षावर साचली की काही बारांनंतर सिलिंडर फिरेनासा होतो. म्हणून रूढ उत्तर आहे ३एफ, आणि नवीन स्टीलच्या प्रतिकृतीसाठी ते योग्यच आहे.

मग आणखी बारीक का नको? ४एफ मुळात चकमकीच्या बंदुकीच्या कानात चिमूटभर टाकायची दारू आहे, ठिणगी पकडण्यापुरती. चेंबर भरायची नव्हे.

आणि इथे आपली स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स आठवा (हो, तीच, जिच्यात अर्ध्या वर्गाच्या केट्या लागतात). सिलिंडरच्या भिंतीत परिघाच्या दिशेने येणारा हूप स्ट्रेस हा लांबीच्या दिशेच्या स्ट्रेसच्या दुप्पट असतो. म्हणजे चेंबर फाटलं तर उभं फाटणार. जुनं रॉट आयर्न हे मळीच्या लांबट रेघा असलेलं लोखंड. रेघांच्या दिशेने मजबूत, आडवं कमजोर. रेघा चेंबरला समांतर असल्या तर सगळा ताण नेमका कमजोर बाजूवर!

याची किंमत १८४७ च्या कोल्ट वॉकरने मोजली. जवळजवळ दोन किलोचं हे धूड चेंबरमागे ६० ग्रेन, म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅम दारू खात असे. स्प्रिंगफील्ड रायफलला लागायची तेवढीच! (ग्रेन हे इथे वजनाचं माप आहे, त्याचा दाण्याशी संबंध नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने तिकडे गोंधळ होतो. इथे मराठी जिंकली.) बरेच सिलिंडर फुटले. पुढच्याच वर्षी आलेल्या ड्रॅगूनमध्ये कोल्टने सिलिंडर आखूड करून दारू ५० ग्रेनवर आणली. यादवी युद्धात दक्षिणेकडच्या ग्रिसवोल्ड अँड गनिसन कारखान्याने तर लोखंडाच्या सळ्या पिळून त्यातून सिलिंडर बनवले. पिळल्यामुळे रेघा तिरप्या होतात आणि उभी चीर जायला सोपी वाट मिळत नाही. स्टीलचा तुटवडा असताना काढलेली ही युक्ती मला तरी फार आवडली. मात्र त्या कारखान्यातले बहुतेक कामगार गुलाम होते, हेही सांगायला हवं.

तेव्हा अस्सल जुनं रिव्हॉल्व्हर असेल तर डब्यावरच्या ३एफ या उत्तरावर थांबू नये. आधी जाणत्या गनस्मिथकडून तपासणी, कारण दीडशे वर्षांत आत कुठे गंज खाल्लाय, कुठे केसाएवढी चीर आहे, हे वरून दिसत नाही. तो हो म्हणाला तरी माझ्या मते निवड सौम्य बाजूला झुकलेली हवी. एकतर २एफ घेऊन थोडी जास्त काजळी सहन करावी, किंवा ३एफच पण प्रमाण बरंच कमी. दुसऱ्या पर्यायात एक अडचण येते. दारू कमी झाली की गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहू शकते, आणि ती राहता कामा नये. मग नेमबाज मधली जागा कशाने भरतात? चक्क रव्याने! काही जण मक्याचं जाडसर पीठ वापरतात. आणि आधुनिक धूरविरहित दारू अशा शस्त्रात चिमूटभरसुद्धा नाही. बंदिस्त जागेत प्रेशर वाढलं की तिचा जळण्याचा वेग कितीतरी जास्त वाढतो, आणि तिच्यासाठी हे लोखंड कधी बनलेलंच नव्हतं.

सध्या या हौशी लोकांची खरी काळजी ग्रेडची नाही, डबा मिळण्याची आहे. अमेरिकेतला गोएक्स हा काळ्या दारूचा मोठा कारखाना २०२१ मध्ये बंद करण्याचं जाहीर झालं. २०२२ मध्ये तो एस्टेसने विकत घेतला आणि उत्पादन पुन्हा सुरू केलं. एस्टेस म्हणजे शाळकरी मुलांची मॉडेल रॉकेट्स बनवणारी कंपनी. त्यांच्या छोट्या रॉकेट मोटर्समध्ये हीच काळी दारू ठासलेली असते.