पहिल्या तपासणीला जाताना : बघणं, मोजणं आणि मूल

पाऊस असूनही इतके लोक आलात, बरं वाटलं. आयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मी म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, मुलांचा डॉक्टर नव्हे. ते म्हणाले, "डॉक्टरांचं व्याख्यान होऊन गेलं, सर. तुम्ही आजोबा म्हणून या." (हशा) तर आजोबा म्हणून आलोय.

माझा नातू दोन वर्षांचा होईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. आमच्याकडे सगळे म्हणायचे, "त्याचा बाप तरी कुठे लवकर बोलला?" पहिल्यांदा शंका काढली ती अंगणवाडीच्या ताईंनी. मग आम्ही वेळ घेतली आणि सकाळच्या लोकलने पुण्याला गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "नावाने हाक मारली की बघतो का?" सूनबाई तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "बघतो की!" बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, हाक मारता तेव्हा तुमच्या हातात काय असतं?" मी विचार केला. बिस्किटाचा पुडा असायचा. तो पुड्याच्या आवाजाला बघत होता, नावाला नव्हे.

मी आयुष्यभर वर्गात प्रमाणं शिकवली. प्रत्यक्ष म्हणजे काय, अनुमान म्हणजे काय. आणि स्वतःच्या नातवाच्या वेळी मी अनुमान उचलून प्रत्यक्ष म्हणून सांगितलं. प्रेमापोटी सांगितलं, पण चूक ती चूकच. आजचं बोलणं त्या चुकीतून आलेलं आहे.

आता तयारी कशी करायची ते बघू. वेळ मिळाली की साधी वही घ्या. एका पानावर प्रत्यक्ष लिहा, म्हणजे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. "हट्टी आहे" हे प्रत्यक्ष नव्हे, ते आपण काढलेलं अनुमान. "चप्पल बदलली की वीस मिनिटं रडतो" हे प्रत्यक्ष. "सगळं समजतं त्याला" हे अनुमान. "'बॉल आण' म्हटलं, बोट दाखवलं नाही, तरी बॉल आणला" हे प्रत्यक्ष. तज्ज्ञांना दुसरं वाक्य हवं असतं, पहिलं नको.

दुसऱ्या पानावर शब्द-प्रमाण, म्हणजे इतरांचं सांगणं. आजी, पाळणाघरातल्या मावशी, अंगणवाडीच्या ताई. मूल दिवसभर ज्यांच्याजवळ असतं त्यांना विचारा. जमलं तर त्यांनाच बरोबर न्या. आपल्या मावळात आईबाप दोघं चाकणला नाहीतर तळेगावला कामावर असतात आणि मूल आजीपाशी. मग आजीला घरी ठेवून कसं चालेल?

तिसरं पान सगळ्यांत अवघड. भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती 'अनुपलब्धी' नावाचं एक वेगळं प्रमाण मानतात. घट नाही, हे कशाने कळतं? तो तिथे न दिसण्याने. मुलाच्या बाबतीत हेच आपल्याला जमत नाही. जे ते करतं ते लगेच दिसतं, जे करत नाही ते दिसतच नाही. म्हणून मुद्दाम विचारा. हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का? आकाशातलं विमान 'ते बघ' म्हणून आपल्याला दाखवतो का? टाटा करतो का? खोटाखोटा चहा पाजतो का? चुरमुरा चिमटीत उचलतो का? आणि पूर्वी बोलत असलेले शब्द आता बंद झालेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका, लगेच दाखवा.

आता पिशवीत काय? माता-बाल संरक्षण कार्ड. त्यात लसींबरोबर कुठल्या वयात मूल काय करतं याचीही चित्रं असतात. बाळंतपणाचे कागद, विशेषतः मूल अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर. आधी केलेल्या तपासण्या. कान तपासले नसतील तर तसं सांगा. ऐकूच येत नसेल तर बोलणार कुठून? मोबाईलमध्ये एकदोन मिनिटांचे तीनचार व्हिडिओ : खेळताना, जेवताना, तुम्हाला काळजी वाटते ते करताना. सजवून काढू नका, रोजचं घर असू द्या. घरी मराठी आणि दुकानात हिंदी, अशा दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द मोजून सांगा. दोन भाषा ऐकल्याने मूल मागे पडत नाही.

लोणावळ्याहून पुणे म्हणजे लोकलने सुमारे दीड तास. मूल झोपमोड होऊन, उपाशी पोचलं तर त्या दिवशी त्याचं खरं रूप दिसायचं नाही. झोपेची वेळ सोडून वेळ मागा. सवयीचा खाऊ आणि एक आवडतं खेळणं घ्या. ताप असेल तर फोन करून तारीख बदला. आणि आदल्या रात्री घोकंपट्टी नको. ती परीक्षा नव्हे, तिथे पास व्हायचं नसतं.

तिथे मोजतात काय? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या वाढीचा अभ्यास केला. त्यातून जी श्रेणी तयार झाली, तिची १९९७ची सुधारित आवृत्ती आजही आपल्याकडे वापरतात. तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी ती आहे. त्यात हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ बाबी आहेत. हिशेब सोपा. २४ महिन्यांचं मूल साधारण १८ महिन्यांच्या मुलाइतकं करत असेल, तर १८ भागिले २४ गुणिले १०० म्हणजे विकासांक ७५. ७०च्या खाली गेला की विलंब धरतात. दोन महिने आधी जन्मलेलं मूल दहा महिन्यांचं असेल तर ते आठ महिन्यांचं धरून बघतात. ही सवलत साधारण दोन वर्षांपर्यंत. म्हणून म्हटलं, जन्माचे कागद न्या.

खर्चाचं काय, असं कुणीतरी पुटपुटलं. २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणं अपेक्षित असतं आणि गरज दिसली तर पुढे पाठवतं. शीघ्र हस्तक्षेप केंद्रं जिल्हा पातळीवर असतात. आपलं जिल्हा रुग्णालय औंधला. पथकाकडून चिठ्ठी घ्या, कुठे आणि कधी जायचं ते लिहून घ्या. मुलाचं वय अंगणवाडीचं आणि आपण शहाणे, म्हणून त्या ताईंना टाळू नका.

बोलणं संपलं की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, "नॉर्मल आहे ना?" मीही विचारला. त्याने हाती काही लागत नाही. त्याऐवजी चार प्रश्न लिहून न्या. तुम्हाला काय दिसलं? कशाबद्दल अजून खात्री नाही? उद्यापासून घरी काय करायचं? परत कधी यायचं? नाव ठरायला वेळ लागला तरी काम सुरू करायला थांबावं लागत नाही.

आता शेवटचं. माप मुलाचं घेतात, मोल नाही. हे वर्गात सांगणं सोपं होतं. त्या दिवशी परतताना सूनबाई खिडकीकडे तोंड करून रडत होती. मला काही बोलता येईना. मळवलीच्या आसपास लोहगड दिसायला लागला. नातू माझ्या मांडीवर चढला, पुड्यातलं बिस्किट काढलं, अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं माझ्या तोंडाजवळ आणलं. सकाळी जो मुलगा घेऊन निघालो होतो, तोच परत आणत होतो. फरक इतकाच की आता त्याच्यासाठी काय करायचं ते आम्हाला कळलं होतं.

आज तो सात वर्षांचा आहे. तुटक बोलतो, पण बोलतो. मी रिकाम्या हाताने हाक मारली तरी बघतो. दर वेळी नाही. जितक्यांदा बघतो, तितकंच वहीत लिहितो.

आता प्रश्न विचारा. आज्यांनी आधी.