बहात्तरचे मास्तर

शिक्रापूरच्या चाकण चौकात साठी ओलांडलेल्या कोणाहीसमोर नुसतं ‘बहात्तर’ म्हणा. पुढे ‘साल’ जोडावं लागत नाही, ‘दुष्काळ’ही जोडावा लागत नाही. ऐकणारा मान हलवतो आणि सुकडीची चव सांगायला लागतो, नाहीतर बाहेरून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीची. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. वेळ नदीच्या पात्रात वाळू उकरून खड्डा करायचा आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा, एवढं मला नीट आठवतं. आई खडी फोडायला जायची. संध्याकाळी ती हात पाण्यात बुडवून बसायची, पण हात बुडवण्याइतकं पाणीही रोज नसायचं.

त्याच १९७२ सालानं मराठी माणसाला ‘पिंजरा’ दिला आणि ‘एकटा जीव सदाशिव’ही. हिंदीत ‘पाकीजा’, ‘कोशिश’, ‘परिचय’, ‘बावर्ची’, ‘सीता और गीता’ एकापाठोपाठ आले. तिकडे अमेरिकेत ‘द गॉडफादर’ लागला. २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पण आमच्या घरापर्यंत ते पोचायला पुढं कितीतरी वर्षं गेली. एकाच वर्षाचे हे चित्रपट मी आयुष्यभर पुन्हा पुन्हा पाहत आलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, आणि त्यातला एक चित्रपट मास्तरांचा आहे, हेही एक कारण.

‘पिंजरा’ मी पहिल्यांदा तंबूत पाहिला. आमच्याकडे तो काही वर्षं उशिरा, शेजारच्या गावच्या जत्रेत आला. कनातीच्या आत एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये, खाली माती. जनरेटरचा आवाज संवादाच्या वर चढायचा. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या. कांडी झिजून अंतर वाढलं की पडदा आधी पिवळा पडायचा, मग तांबूस. ऑपरेटर मूठ फिरवून कांडी पुढं सरकवायचा आणि नायिका संध्याबाईंचा शालू पुन्हा लखलखायचा. आमच्या गावातल्या सगळ्या बायांच्या लुगड्यांत मिळून जेवढे रंग नव्हते, तेवढे त्या एका पडद्यावर होते.

दिग्दर्शक व्ही. शांताराम तेव्हा सत्तरीत होते. तमाशा त्यांना नवा नव्हता. १९४७ मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’ त्यांनी केलेला होता. ‘पिंजरा’ची कथा अनंत मान्यांची. ज्यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला अडीच वर्षं चालला, तेच हे माने. संवाद शंकर पाटलांचे, गीतं जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदमांचं. मास्तर झाले डॉ. श्रीराम लागू. ते ‘नटसम्राट’ रंगभूमीवर गाजवून आले होते, पण पडद्यावर ही त्यांची पहिलीच मोठी भूमिका. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘पिंजरा’ला मिळाला.

या कथेचं मूळ जर्मन आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. हाइनरिश मानची कादंबरी १९०५ ची. तिच्यावरून योसेफ फॉन स्टर्नबर्गनं १९३० मध्ये ‘द ब्लू एंजल’ केला. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहात मी तो पाहिला आणि शिक्रापूरला परतताना वाघोलीपर्यंत एकच विचार डोक्यात होता: यात पुतळा नाही. जर्मन प्राध्यापक नाचणारीच्या नादी लागतो, विदूषक होतो, आपल्याच शहरात हसं होतं, आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गात मेज घट्ट धरून मरतो. शहराला त्याच्या जाण्याचं काही नसतं.

आपल्याकडे गाव मध्ये येतं. एका प्रेताच्या अंगावर मास्तरांचे कपडे चढतात, गाव समजतं मास्तर गेले, आणि गाव त्यांचा पुतळा उभारतं. जिवंत मास्तर फडावर तुणतुणं धरून उभे. अखेर त्यांना पकडतात ते मास्तरांच्या, म्हणजे स्वतःच्याच, खुनाच्या आरोपाखाली, आणि ते फाशी पत्करतात, कारण खरं सांगितलं तर पुतळा कोसळेल. माझ्या मते मराठी चित्रपटात यापेक्षा भेदक कल्पना क्वचितच कोणी मांडली असेल. ‘पिंजरा’ला बाईच्या मोहाची गोष्ट म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडत आलो आहे. ही गावाच्या भुकेची गोष्ट आहे. गावाला एक डाग नसलेला माणूस हवा असतो, आणि तसा जिवंतपणी मिळत नाही म्हणून दगडाचा करावा लागतो. गावात मास्तर म्हणून जो राहिला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मी पानाच्या टपरीवर उभा राहिलो तरी दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरं वेगळ्या नजरेनं बघायची.

संध्याबाईंबद्दल माझं मत कठोर आहे. नाचताना त्या अफाट आहेत, बोलायला लागल्या की प्रत्येक वाक्याला मुद्रा करतात. लागूंच्या शेजारी ते फार खटकतं. तुणतुणं धरून उभे राहिलेले लागू आठवा. खांदे आत ओढलेले, मान किंचित कलती, बोटं तारेवर आणि डोळे कुठंच नाहीत. शिकलेल्या माणसाला आपले हात कुठं ठेवावे हे कळेनासं होतं, ते त्यांनी बरोबर पकडलंय.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. शिक्रापूरहून नारायणगाव काही फार दूर नाही. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं ते गाव. पोटुशी असताना त्या बोर्डावर नाचल्या, मध्येच बाळंत झाल्या आणि दगडानं नाळ तोडून परत उभ्या राहिल्या, ही हकिकत आमच्याकडे घरोघरी सांगतात. तमाशातली बाई घर चालवते, फड चालवते. ‘पिंजरा’ला तिच्या भाकरीशी कर्तव्य नाही, तिच्यात त्याला मास्तरांची परीक्षा तेवढी दिसते. ‘पाकीजा’ही नाचणारीचाच चित्रपट, पण कमाल अमरोहींनी सगळी सहानुभूती मीनाकुमारीच्या बाजूला टाकली. तो फेब्रुवारीत लागला आणि ३१ मार्चला ती गेली. या एका बाबतीत मला ‘पाकीजा’ थोर वाटतो.

दादा कोंडके वेगळे. ‘एकटा जीव सदाशिव’मध्ये गावाकडे वाढलेला मुलगा शहरात आपल्या श्रीमंत जन्मदात्यांच्या घरी येतो. लोक द्व्यर्थी संवादांवर अडकतात. मला त्याचं शहरातल्या बंगल्यात अवघडून उभं राहणं दिसतं. त्या वर्षी आमच्या भागातून किती जण असेच पुण्या-मुंबईला गेले! बंगल्यात मात्र कोणी घेतलं नाही. तंबूत लोक दादांना हसत होते ते आपल्यातला एक शहराला पुरून उरतोय म्हणून. ते हसू मी स्वस्त मानत नाही.

१९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. ‘पिंजरा’तलं गाव, दादांचं गाव, कुठल्याच गावात विहीर आटलेली नाही. माझ्या पाहण्यातल्या त्या वर्षीच्या एकाही कथापटात पाझर तलावावर माती टाकणारी बाई नाही. चित्रपट आधीपासून तयार होत असतात, हे मला कळतं. तरी सल जात नाही.

तंबूतून परतताना आईनं एकच प्रश्न विचारला होता. “कापडावरनं माणूस वळखला व्हय गावानं? आन् मेला त्याच्या घरच्यास्नी कुणी कळवलं का?” चित्रपट त्या प्रेतापाशी फार रेंगाळत नाही. आई मात्र तिथंच थांबली होती. माझे धाकटे चुलते बहात्तरच्या दिवाळीत मुंबईला म्हणून गेले ते आलेच नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. आजी त्यांचं ताट वाढून ठेवायची.

‘पिंजरा’नंतर तीन वर्षांत ‘सामना’ आला. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात तो स्पर्धेत होता. पुन्हा लागू मास्तर. ‘पिंजरा’तले निळू फुलेही पुन्हा समोर, आता साखर कारखान्याचे धनी हिंदुराव होऊन. या मास्तरांचा पुतळा कोणी उभारणार नाही; ते दारुडे, उपरे, फाटके आहेत. पण गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाचं काय झालं, हे ते विचारत सुटतात, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत नाहीत.

‘सामना’ आम्ही घरी पाहिला, फार उशिरा, दूरदर्शनवर. आई तांदूळ निवडत बसली होती. मास्तरांनी त्या माणसाचं नाव घेऊन पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं, ते चित्रपट संपेपर्यंत पुन्हा उचललं नाही.